आजी सांगे आणि आजीनें सांगितलें

मराठी क्रियापदाचें एक रूप आपल्या घरांतून हळूहळू काढता पाय घेत आहे, आणि घरांतील मंडळींचें त्याकडे लक्ष गेलेलें दिसत नाहीं. ‘आजोबा पहाटे उठत, नदीवर जात, आजी सांजवात लावी, मुलांना जवळ घेई, गोष्ट सांगे’ या वाक्यांतील उठत, जात, लावी, घेई, सांगे हीं तीं रूपें होत. व्याकरणकार त्यांस रीतिभूतकाळ म्हणतात. क्रिया एकदां घडून गेली असें न सांगतां ती नेहमीं घडे, ती त्या माणसाची रीतच होती, असें या रूपानें सांगतां येतें. आजच्या बोलण्यांत यांच्या जागीं ‘लावायची, घ्यायची, सांगायची’ आलीं आहेत; लिहितांना फार तर ‘लावत असे, घेत असे’. शालेय व्याकरणांतही ‘मी निबंध लिहीत असे’ यासारखें जोडरूपच उदाहरणादाखल येतें, आणि एकेरी रूपाची मुलांना ओळखही होत नाहीं. मग जुनें पुस्तक हातीं आलें, कीं ‘तो नित्य येई’ या तीन शब्दांपाशीं आठवींतलें चांगलें हुशार मूल अडतें आणि विचारतें, ‘येई म्हणजे येईल का?’ वडील मंडळी हसतात. मुलाचा तर्क वाटतो तितका वेडगळ नाहीं, हें पुढें येईलच.

घरच्या वस्तूची किंमत पुष्कळदां परक्याच्या घरीं गेल्यावर कळते, म्हणून आज थोडें दूरचें उदाहरण घेतों. समजा, जळगांवची एखादी मुलगी स्पॅनिश भाषा शिकावयास बसली आहे. हल्लीं ही गोष्ट नवलाची राहिलेली नाहीं. शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्तानें आपलीं मुलें कोठकोठें जातात, आणि जीं जात नाहींत तींही मोबाइलवर परक्या भाषांचे धडे गिरवितात. वर्तमानकाळ तिला सोपा जातो. मग भूतकाळ येतो, आणि तो एक नसून दोन असतात. गाणें या अर्थाचा धातु ‘कान्तार’. आजी गायली, गाणें संपलें, तर ‘कान्तो’. आजी रोज गाई, किंवा पाहुणे आले तेव्हां ती गात होती, तर ‘कान्ताबा’. या दुसऱ्या काळाला ते लोक ‘इंपेर्फेक्तो’, म्हणजे अपुरा, पूर्ण न झालेला, असें म्हणतात. काळ भूतच आहे. पण बोलणाऱ्याला क्रियेच्या शेवटाशीं कर्तव्य नाहीं, ती चालूं असतांनाचें तिचें रूप त्याला दाखवावयाचें आहे.

नियमित क्रियापदांचीं रूपें बनविण्याची रीत दहा मिनिटांत पाठ व्हावी इतकी सोपी आहे. ‘आर’नें संपणाऱ्या क्रियापदाचा ‘आर’ काढावा, आणि मी, तूं, तो, आम्ही, तुम्ही, ते यांसाठीं अनुक्रमें आबा, आबास, आबा, आबामोस, आबाइस, आबान असे प्रत्यय लावावे. ‘एर’ व ‘इर’ यांनीं संपणाऱ्या दोन्ही गटांना मिळून प्रत्ययांचा एकच संच: ईआ, ईआस, ईआ, ईआमोस, ईआइस, ईआन. ‘कोमेर’ म्हणजे खाणें. ‘कोमीआ’ म्हणजे ती खाई. ‘मी’चें व ‘तो’चें रूप सारखें असल्यामुळें घोटाळा होण्यासारखें असेल तेथें सर्वनाम घालतात, एरवीं तेंही गाळतात. नियमाबाहेरचीं क्रियापदें साऱ्या भाषेंत अवघीं तीन: असणें, जाणें आणि पाहणें या अर्थांचीं. त्यांचीं रूपें एरा, ईबा, बेईआ. एवढ्या शिस्तीचा काळ त्या भाषेंत दुसरा क्वचितच सांपडेल.

तेव्हां मुलीची अडचण प्रत्ययांची नव्हे. दोन भूतकाळांपैकीं कोणता केव्हां वापरावा, येथें ती अडखळते. आणि ती अडखळते याचें कारण आमच्या मतें स्पॅनिशमध्यें नसून ज्या भाषेंतून ती स्पॅनिश शिकते त्या इंग्रजींत आहे. इंग्रजींत ‘शी सँग’ हें एकच रूप दोन्ही ठिकाणीं खपतें. सवय स्पष्ट करावयाची झाली तर ‘यूज्ड टु’ किंवा ‘वुड’ अशी कुबडी द्यावी लागते. म्हणून पाठ्यपुस्तकें याद्या देतात: ‘रोज’, ‘नेहमीं’, ‘लहानपणीं’ असे शब्द दिसले कीं इंपेर्फेक्तो, ‘काल’, ‘एकदां’, ‘अकस्मात्’ दिसले कीं दुसरा. याद्यांनीं परीक्षा पार पडते, कान तयार होत नाहीं. खानदेशांतल्या मुलीनें हा इंग्रजीचा वळसा घेण्याचें कारणच काय? ‘आजीनें गोष्ट सांगितली’ आणि ‘आजी गोष्ट सांगे’ यांतील भेद तिच्या पणजीला शाळेचें तोंड न पाहतां कळत होता.

एका बाबतींत तर आपली भाषा अधिक चोखंदळ आहे. स्पॅनिशचें एकच रूप सवय आणि चालूं क्रिया अशीं दोन्ही कामें करतें. मराठी तीं वेगळीं ठेवते. ‘त्या वर्षांत पाऊस वेळेवर पडे’ ही रीत झाली. ‘आम्ही निघालों तेव्हां पाऊस पडत होता’ ही चालूं क्रिया. या दोहोंस स्पॅनिश माणूस ‘ल्योबीआ’ असेंच म्हणेल, आणि कोणतें तें संदर्भावरून ओळखावें लागेल. हा एवढा फरक मनांत धरला, तर बाकीचें मराठी कानानें आपोआप साधतें.

सर्व्हांतेसची ‘दोन किहोते’ ही जगप्रसिद्ध कादंबरी १६०५ सालीं निघाली. तिचा आरंभ याच काळांत आहे. ला मांचा प्रांतांत एक गृहस्थ राही. त्याच्या घरीं कोणत्या वारीं काय शिजे, त्यांत त्याचें किती उत्पन्न खर्ची पडे, घरांत कोण कोण असे, रिकाम्या वेळीं तो कसलीं पुस्तकें वाची, हें सारें त्या अपुऱ्या काळांत येतें, आणि मग त्याच्या डोक्यांत वेड शिरतें तेव्हां दुसरा भूतकाळ येतो. आपल्या श्रावणांतल्या कहाण्यांचा सांधा हाच नव्हे काय? कहाणींतलें माणूस आधीं नित्य काय करी तें आपणांस कळतें, आणि मग ‘एके दिवशीं काय झालें’ असें म्हणून सांगणारी बाई काळ बदलते. ऐकणारीं मुलें सरसावून बसतात तीं त्या काळाच्या बदलापाशीं.

आतां आपल्या रूपांकडे वळूं. मराठींतही स्पॅनिशप्रमाणें दोन गट आहेत. ज्या धातूंस कर्म लागतें त्यांस बहुधा ‘ई’ येते: करी, लावी, सोडी, बांधी, काढी, वाढी. ज्यांस कर्म लागत नाहीं त्यांस ‘ए’: उठे, बसे, हसे, रडे, निघे. स्वरानें संपणारे धातु ‘ई’च्या गटांत जातात: जाई, येई, देई, घेई, होई. सांगे, म्हणे, शिके हीं सकर्मक असून ‘ए’कडे गेलीं आहेत, त्यांना तसेंच जाऊं द्यावें. अनेकवचनीं पहिल्यांचें करीत, लावीत. दुसऱ्यांचें उठत, बसत. स्वरान्तांचें जात, येत, देत. ज्याला हा हिशेब नको असेल त्यानें एक युक्ति करावी. भविष्यकाळाचें एकवचनी रूप घ्यावें आणि त्याचा शेवटचा ‘ल’ काढून टाकावा. येईल, येई. बसेल, बसे. सांगेल, सांगे. करील, करी. मात्र हल्लीं सर्वत्र ‘करेल, लावेल’ ऐकूं येतें, तें येथें उपयोगाचें नाहीं. जुनें ‘करील, लावील’ घ्यावें.

ही युक्ति म्हणजे योगायोग नव्हे, तिच्यामागें आठ-नऊशें वर्षांचा इतिहास आहे. संस्कृतांतलें ‘करोति’ प्राकृतांत ‘करइ’ झालें आणि मराठींत ‘करी’. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींत ‘करी’ हें वर्तमानकाळाचें रूप आहे. त्याचा अर्थ ‘करतो’. पुढें ‘करतो, करते, करतें’ या नव्या रूपांनीं वर्तमानकाळाची जागा बळकावली, तेव्हां जुन्या ‘करी’नें दोन ठिकाणीं आसरा घेतला. ‘ल’ जोडून तो भविष्यकाळ झाला, आणि ‘ल’शिवाय राहिला तो गतकाळच्या रीतीचा वाचक झाला. म्हणजे ‘येई’ आणि ‘येईल’ हीं सख्खीं भावंडें. आठवींतल्या मुलाला चेहऱ्यांतलें साम्य दिसलें, नातें तेवढें कळलें नाहीं. म्हणी मात्र जुन्या घरांतच राहिल्या. ‘दाम करी काम’, ‘बळी तो कान पिळी’, ‘खाई त्याला खवखवे’ यांत करी, पिळी, खाई, खवखवे हीं सारीं वर्तमानकाळीं आहेत. कालच्या बळीनें कान पिळले एवढेंच त्या म्हणीला सांगावयाचें नाहीं.

या उगमामुळें रूपाला आणखी एक गुण आला आहे. त्याला लिंग नाहीं. तो करी, ती करी, तें करी. ‘करतो-करते’, ‘करायचा-करायची’ यांत पुरुष कीं स्त्री हें क्रियापदानें सांगावेंच लागतें. ‘करी’ला त्याची गरज नाहीं, आणि स्पॅनिशच्या ‘कान्ताबा’लाही नाहीं.

मग असें सोयीचें रूप मागें कां पडलें? कांहीं दोष त्याच्या सोबत्यांचा आहे. ‘आम्ही’चें रूप ‘करूं’. पण ‘चला, आपण करूं’ यांतील ‘करूं’नें तें गिळलें. ‘तुम्ही’चें ‘करां’; तें आज्ञेसारखें वाटूं लागलें. ‘मी करीं’ आणि ‘तो करी’ यांत अनुस्वाराचाच काय तो भेद. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनीं असे अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि कागदावर तोही भेद उरला नाहीं. (या पानांवर आम्ही ते अद्याप सोडलेले नाहींत, हें वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल.) अशा रीतीनें सहांपैकीं तीन-चार जागा हातच्या गेल्या, तेथें ‘आम्ही खेळत असूं’ अशीं जोडरूपें आलीं, आणि शेवटीं ‘तो’, ‘ती’ व ‘ते’ एवढ्यांचाच संसार राहिला. परंतु तेवढा तरी टिकावा असें आम्हांस वाटतें, कारण गेलेल्या माणसांविषयीं बोलतांना आपण बहुतेक याच जागीं असतों.

धुळ्याला या विषयाचा मान विशेष. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा अखेरचा काळ धुळ्यास गेला. ज्ञानेश्वरींतल्या मराठी भाषेचें व्याकरण त्यांनीं १९०९ सालीं प्रसिद्ध केलें. ते गांवोगांव हिंडत, वाड्यांतलीं धूळ खात पडलेलीं दप्तरें धुंडीत, मिळेल तें खात. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास त्यांनीं देह ठेवला, आणि पुढील वर्षीं तेथें राजवाडे संशोधन मंडळ निघालें. वाचकांनीं हीं वाक्यें पुन्हां वाचून पाहावीं. हिंडत, धुंडीत, खात हा राजवाड्यांचा स्वभाव झाला. प्रसिद्ध केलें, देह ठेवला, निघालें या घटना झाल्या. स्पॅनिशच्या दोन भूतकाळांचा सारा धडा येथें आला.

दुसरें उदाहरण त्याच गांवचें. १९३२ सालीं विनोबा धुळ्याच्या तुरुंगांत होते. दर रविवारीं ते कैद्यांपुढें गीतेवर बोलत, आणि साने गुरुजी तें लिहून घेत. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत विनोबांनीं अठरा प्रवचनें केलीं. येथें ‘अठरा प्रवचनें करीत’ असें म्हणतां येत नाहीं, हें मराठी कानाला शिकवावें लागत नाहीं. क्रिया मोजली, तिला आरंभ व शेवट दिला, कीं रीत संपते आणि घटना होते. स्पॅनिश शिकणाऱ्या मुलीच्या यादींत हाच नियम चार ओळींत लिहिलेला असतो. ज्यांनीं तीं प्रवचनें टिपून घेतलीं त्या साने गुरुजींनीं, अमळनेरची शिक्षकाची नोकरी सुटल्यावर कांहीं वर्षांनीं, १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत ‘श्यामची आई’ लिहिली. त्या पुस्तकांतील आई मोठी वाटते ती एखाद्या पराक्रमानें नव्हे; ती रोज काय करी, काय सांगे, यानें.

आणि बहिणाबाई. १८८० सालीं आसोद्यास जन्मलेल्या, जळगांवच्या चौधरी घराण्यांत दिलेल्या या बाईंना लिहितां-वाचतां येत नसे. दळतांना, कांडतांना, शेतांत राबतांना त्या गाणीं रचीत आणि म्हणत. चिरंजीव सोपानदेव व आप्तांपैकीं कोणी जमेल तेवढें टिपून घेत. ३ डिसेंबर १९५१ रोजीं त्या वारल्या, आणि १९५२ सालीं आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह गाणीं पुस्तकरूपानें आलीं. ‘बहिणाबाईंनीं गाणीं रचलीं व सोपानदेवांनीं टिपलीं’ हें वाक्य खोटें नाहीं, पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढें एक बैठक उभी राहते: बाई सांगताहेत, मुलगा लिहितो आहे, दोन-चार दिवसांत काम आटोपलें. जातें, सूप, खुरपें आणि वर्षानुवर्षें मागच्या मागें विरून गेलेलीं गाणीं ‘रचीत’ आणि ‘म्हणत’ या दोन शब्दांत आहेत.

बोलींच्या तोंडीं हें रूप शहरापेक्षां अधिक टिकलें आहे. धुळें, नंदुरबार, अमळनेर, चाळीसगांव या बाजूची अहिराणी घ्या. ग्रियर्सनच्या भाषापाहणीनें १९०७ सालच्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागांत खानदेशीची नोंद मराठीखालीं न घेतां भिल्ली भाषांच्या जोडीला घेतली. तो वाद येथें नको. ‘करस, जास’ असा वर्तमानकाळ करणारी, ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणणारी ही बोली आपल्या कांहीं सुशिक्षित घरांत गांवंढळ म्हणून हंसण्यावारी नेली जाते. पण अहिराणी बोलणारी बाई ‘मन्ही माय सांगे’ असें आजही सहज बोलून जाते, आणि आपल्याकडची पदवीधर सून ‘माझी आई सांगायची’ म्हणते. यांत हंसावें कोणीं कोणाला, हें वाचकांनींच ठरवावें.

या काळाचें खरें काम काय, तें दाखविण्यासाठीं एक लहानसा उतारा आम्हीं मुद्दाम रचिला आहे.

‘थोरली काकू पहाटे चारला उठे. जात्याशीं बसे आणि दादरचें पीठ दळी. दळतां दळतां ओवी म्हणे. ती अर्धी ऐकून मुलें पुन्हां झोपीं जात. दिवस उगवे तों तिचें सारवण आटोपलेलें असे. दुपारीं ती सर्वांना वाढी आणि शेवटीं आपण जेवावयास बसे. भरीत उरलें तर उरे. आखाजीला लेकी माहेरीं येत. अंगणांतल्या निंबाला काकू झोका बांधी आणि त्यांच्यासाठीं खापरावर मांडे करी. एके वर्षीं आखाजीला धाकटी आली नाहीं. काकूनें झोका बांधला. संध्याकाळीं सोडला.’

यांतील पहिल्या भागांत उठली, बसली, पीठ दळलें, सर्वांना वाढलें असा साधा भूतकाळ घालून पाहावा. ती एका दिवसाची हकीकत होते, आणि धाकटी आली नाहीं ही त्या हकीकतींतली आणखी एक बाब होते. ‘उठायची, बसायची, दळायची, म्हणायची, वाढायची’ असें केलें तर अर्थ राहतो, परंतु कानाशीं ‘ची, ची’ अशी एक चिमणी ओरडत बसते. मूळच्या उताऱ्यांत वर्षांमागून वर्षें एका सुरांत जातात, आणि म्हणूनच शेवटच्या तीन वाक्यांत सूर बदलतो तेव्हां काकूच्या घरीं काय झालें असावें हें कोणीं सांगावें लागत नाहीं.

‘करायची’शीं आमचें वैर नाहीं. तें घरगुती आहे, मोकळें आहे, बोलतांना शोभतें. पण लिहितांना तें क्वचित् फसवितें. ‘ती तेव्हां पुण्याला जायची’ म्हणजे नेहमीं जाई, कीं तेव्हां अजून जावयाची होती? दोन्ही अर्थ लागूं शकतात.

येथें आम्हांस आमच्या घराण्यांच्या कुलवृत्तांतांची आठवण होते. मोठ्या कष्टानें तयार केलेले हे ग्रंथ पुष्कळ घरांत आहेत. त्यांत पुरुषाचा मजकूर कसा असतो? अमुक सालीं जन्म, अमुक सालीं परीक्षा, तमुक खात्यांत नोकरी, बदली धुळ्यास, पेन्शन, मृत्यु. सगळा साधा भूतकाळ, आणि प्रत्येक क्रियापदास एक सन. स्त्रीचा मजकूर एका ओळींत संपतो: माहेरचें नांव, सासरचें नांव, अपत्यें, मृत्यु. संपादकांनीं दुजाभाव केला असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं घटना मागितल्या, आणि आजीच्या आयुष्यांत सन घालण्याजोग्या घटना तेवढ्याच होत्या. तिनें पन्नास वर्षें जें केलें तें सारें रीतिभूतकाळांत होतें. ती आजाऱ्यांचीं पथ्यें सांभाळी, दारीं आलेल्या विद्यार्थ्याला वार लावून जेवूं घाली, सोंवळें सोडून परक्याच्या मुलाचा ताप उतरवावयास धांवे, रागावली म्हणजे दोन दिवस कोणाशीं बोलत नसे. याला सन कोठला द्यावयाचा? ज्यांच्या आयुष्यांत सनावळी थोडी, त्यांचें चरित्र या एका काळावांचून लिहितांच येत नाहीं. आणि ज्यांनीं त्या आज्यांना पाहिलें तीं माणसें आतां स्वतः सत्तरी-ऐंशीच्या घरांत आहेत. त्यांच्याशेजारीं वही घेऊन बसणाऱ्या नातवंडांनीं ‘तुम्ही काय केलें?’ असें विचारूं नये, कारण त्याला ‘आम्ही काय करणार, नुसतें राहिलों’ एवढेंच उत्तर येतें. ‘तुमची आई सकाळीं उठून आधीं काय करी?’ असें विचारावें. वही पुरत नाहीं.

वापरतांना थोडें तारतम्य हवें. एकदांच घडलेल्या गोष्टीला हें रूप लावूं नये. ‘एकदां ती मला म्हणे’ हें जुन्या गोष्टींतून ऐकूं येतें खरें, पण लेखनांत टाळलेलें बरें. ‘राजा मोठा दानशूर होता म्हणे’ यांतील ‘म्हणे’ तर सवयीचा मुळींच नव्हे. तो ऐकीव गोष्टीचा शिक्का होऊन बसला आहे, आणि त्यामुळें ‘आजोबा म्हणे’ असें लिहिलें कीं आजोबांवरच अविश्वास दाखविल्यासारखें होतें. तेथें आदरार्थी ‘आजोबा म्हणत’ हेंच योग्य. चालूं क्रियेला ‘करीत होता’ आहे, तेथें ‘करी’ ओढूं नये. आणि पानभर सलग हींच रूपें आलीं तर लेखनाला पोथीचा वास येतो. दोन-चार ‘करी, देई’नंतर एखादें ‘करीत असे’ किंवा ‘करायची’ येऊं द्यावें. सुरांत आलटून पालटून श्वास घ्यावयास जागा होते.

नकाराची गोष्ट मात्र निराळी, आणि मौजेची. ‘ती कांदा खाई’ याचा नकार ‘ती कांदा खात नसे’. सरळ ‘ना’ लावून ‘ती कांदा खाईना’ केलें तर सवय नाहींशी होते आणि हट्ट उभा राहतो: वाढलें, आग्रह केला, तरी खाईना. स्पॅनिश माणूस पुढें नुसता ‘नो’ लावतो आणि ‘नो कोमीआ’ म्हणून मोकळा होतो. त्याला ही सोय नाहीं. या ‘ना’च्या आश्रयानें आपलें जुनें रूप आजही लहानथोरांच्या तोंडीं नांदत आहे. मूल झोपेना, कुलूप उघडेना, गणित सुटेना, उत्तर सुचेना. जळगांवच्या मे महिन्यांतल्या रात्रीं तर ‘झोप येईना’ हें घरोघर ऐकूं येतें, आणि ‘येई’पाशीं अडलेला तो आठवींतला मुलगाही तें न अडखळतां म्हणतो. भविष्यकाळाचा ‘ल’ काढण्याची युक्ति ज्याला किचकट वाटेल त्यानें हा ‘ना’ काढून पाहावा. सुचेना, सुचे. येईना, येई.